केसपेपरावरचा मजकूर

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बालरोग विभागात चिकित्सा-मानसशास्त्राची प्रशिक्षणार्थी म्हणून मी रुजू झाले, तेव्हा व्यावसायिक नीतीचे जे पाठ माझ्या पदरी होते, ते सारे बंद दार, दोन खुर्च्या आणि समोर बसलेला एक प्रौढ मनुष्य एवढ्या गृहीतावर उभे होते. वॉर्डात दार कसले? खाटेला खाट लागलेली, शेजारच्या रुग्णाची आजी आमच्या संभाषणात आपला अभिप्राय निःसंकोच घालणार. आणि आपण बांधील कोणाला, मुलाला, आईबापांना की ज्यांच्या चिठ्ठीवरून आपल्याला पाचारण होते त्या डॉक्टरांना, याचा खुलासा क्रमिक पुस्तकांत कोठेच नव्हता.

इन्सुलिनवर असलेली एक चौदा वर्षांची मुलगी, रक्तातील साखर वारंवार बेसुमार वाढते म्हणून, आमच्याकडे धाडण्यात आली. "ताई, आईला सांगणार नसाल तरच सांगते," ती म्हणाली. आमच्या मार्गदर्शक बाईंची शिस्त अशी, की कैफियत ऐकण्यापूर्वी गुप्ततेची हद्द सांगायची: जिवाला धोका असेल किंवा कोणी वाईट वागले असेल, तर मला गप्प राहता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची वार्ता दडविण्याची मुभा तर 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 कोणालाच देत नाही. हद्द ऐकून मुलगी बराच वेळ चादरीचा दोरा उसवीत बसली आणि मग बोलली: डब्याच्या सुट्टीतली सुई ती चुकवीत होती, कारण वर्गातल्या मुली बाकाभोवती गोळा होऊन पाहत.

इन्सुलिन चुकल्यास रक्तात कीटोन साचून प्रसंग प्राणावर बेततो. तेव्हा हे पोटात ठेवणे अशक्यच होते. प्रश्न होता तो कोणाला, किती आणि कोणाच्या तोंडून सांगावे याचा, आणि त्यावर बाईंनी एक सबंध दुपार खर्ची घातली. डॉक्टरांना कोणती मात्रा चुकते ते हवे. आईला तेवढे आणि पुढची तजवीज. मैत्रिणींची नावे कोणालाच नकोत. आईला सांगायचे ते मुलीनेच, माझ्यादेखत, असे तिच्याच संमतीने ठरले. केसपेपरावरील नोंदीचा मसुदा मात्र बाईंनी पुनःपुन्हा करवून घेतला, कारण तो कागद सिस्टर वाचतात, निवासी डॉक्टर वाचतात, एक्स-रेला नेणारा वॉर्डबॉय चाळतो आणि रात्री उशाशी बसलेला बापही वाचतो. अखेर दोन ओळी उरल्या. (त्या दोन ओळींइतके कष्ट मी प्रबंधातील एकाही प्रकरणावर घेतलेले नाहीत!)

संमतीपत्रावर सही पालकांची, ती कायद्याने पुरेशी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे संशोधनासाठी सात वर्षांपुढील मुलाचाही होकार मागतात. रोजच्या उपचारात तो मागण्याची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागते.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की नीतीची तासिका सभागृहातल्या एका व्याख्यानात उरकून हजेरीपटावर सह्या घेऊ नयेत. विद्यार्थ्याला वॉर्डात उभे करून त्याच्या हाती कोरा केसपेपर द्यावा.