ग्रीनचं काय झालं?

एप्रिल २०२०. हिंजवडीतली नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं, तोवर लॉकडाऊन लागला आणि मी बार्शीला घरी. वरची खोली, कंपनीचा लॅपटॉप आणि दिवसाला दीड जीबी डेटा. त्या दीड जीबीचं गणित मी नीट बसवलं होतं. ऑफिसच्या मीटिंगा भावाच्या हॉटस्पॉटवर, आणि माझ्या सिमचा डेटा रात्री साडेदहानंतर. तेव्हा घर झोपायचं आणि मी हेडफोन लावून 'टूगेदर' बघायचो.

'टूगेदर' म्हणजे जीएमएमटीव्हीची थाई सिरीज, नावातल्या 'टू'च्या जागी दोनचा आकडा. २१ फेब्रुवारी ते १५ मे २०२०, दर शुक्रवारी एक, असे तेरा भाग. यूट्यूबवर प्रत्येक भागाचे चार तुकडे यायचे, खाली इंग्रजी सबटायटल्स. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन मुलांच्या प्रेमकथांच्या या मालिकांना थायलंडमध्ये 'वाय सिरीज' म्हणतात. हा वाय जपानी 'याओई'मधला. बहुतेक कथा आधी कादंबऱ्या म्हणून येतात, वाचणाऱ्या आणि बघणाऱ्यांत मुली जास्त. २०१४ला 'लव्ह सिक' आली, २०१६ला 'सोटस'. 'सोटस' तर इंजिनिअरिंग कॉलेजातच घडते. सीनिअर रॅगिंग करतो, ज्युनिअर त्याच्या प्रेमात पडतो. आमच्या कॉलेजात असलं काही घडलं नाही. आमच्याकडे फक्त सबमिशन असायचं.

पण 'टूगेदर'ची गोष्ट वेगळी होती. त्या उन्हाळ्यात सगळं जग घरात कोंडलेलं, आणि फिलिपिन्सपासून ब्राझीलपर्यंत लोक ब्राइट आणि विन या दोन नटांसाठी शुक्रवारची वाट बघत होते. मी गे आहे, हे तोवर मी मोठ्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. कोर्टाचा ३७७चा निकाल आला, ६ सप्टेंबर २०१८ला, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. मेसमध्ये टीव्हीवर ती बातमी चालू असताना सगळं टेबल एकमेकांना कोपरखळ्या मारत हसत होतं. मीही हसलो. पोळी मात्र घशाखाली उतरेना. तर अशा माणसाला बार्शीत, रात्री अकरा वाजता, दोन मुलं एकमेकांकडे बघताना दिसतात, आणि त्यात कुणी मरत नाही, कुणाला कुणी घराबाहेर काढत नाही. फुकट. यूट्यूबवर.

गोष्ट साधी आहे. टाइन लॉचा विद्यार्थी, देखणा, आजवर पुष्कळ मैत्रिणी झालेल्या. ग्रीन नावाचा एक मुलगा त्याच्या मागे लागतो. त्याला टाळायला टाइन सारावतला गळ घालतो, की तू माझा खोटा बॉयफ्रेंड हो. सारावत पोलिटिकल सायन्सचा, गिटारवाला, कमी बोलणारा, अख्खं कॉलेज त्याच्यावर फिदा. त्याच्या जवळ जायला मिळावं म्हणून टाइन म्युझिक क्लबात जातो, जिथे त्याला गिटारमधलं काही म्हणजे काही येत नाही. टाइनला स्क्रब नावाचा बँड आवडतो (हा बँड खराच आहे, आजही माझ्या प्लेलिस्टमध्ये आहे). पुढे कळतं की सारावतचा जीव त्याच्यावर कधीचाच जडलाय, स्क्रबच्याच एका कार्यक्रमात त्याला पाहिल्यापासून. खोट्याचं खरं होतं. मी उशीत तोंड खुपसून हसायचो.

एकदा आई पाणी न्यायला वर आली आणि पाच मिनिटं बघत उभी राहिली.

"चिनी आहे का रे?"

"थाई."

"दोघं भाऊ आहेत?"

"मित्र आहेत."

"आणि हा कोण? ह्याला बघून पळतायत सारखे?"

"तो कॉमेडीला आहे गं."

"बरा आहे की. हसतमुख आहे," असं म्हणून आई कळशी घेऊन खाली गेली.

तो ग्रीन होता.

आता निराशेबद्दल. दोघं एकदाचे जोडपं झाले आणि सिरीजमधली हवाच गेली. सारावत आधीपासून चुंबनाच्या धमक्या देत असतो, पण जोडपं झाल्यावर दोघं रूम पार्टनरसारखे राहू लागतात. तू भांडी घास, मी गिटार वाजवतो. शेवटाकडे सारावतची जुनी मैत्रीण पाम उगवते, टाइनचा गैरसमज होतो, आणि जे पाच मिनिटं बोलून मिटलं असतं त्यावर रडारड आणि ताटातूट. शेवट तर शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर मानेवर बसलाय म्हणून केलेल्या रिलीजसारखा वाटला. चालतंय ना? मग सोडा. ट्विटरवर जगभरचे लोक चुंबनं मोजत होते आणि आकडा बोटांवर मावत होता. मीही एका खोट्या नावाच्या अकाउंटवरून तावातावाने लिहिलं, की आमच्या प्रेमाची एवढी भीती वाटते तर दाखवता कशाला? दोनशे लाइक आले. आयुष्यात पहिल्यांदा मी 'आमच्या' असा शब्द कुठे तरी लिहिला होता.

कंपनीनेही बहुधा ते ऐकलं, कारण ऑगस्टपासून 'स्टिल टूगेदर' नावाने आणखी पाच भाग आले आणि त्यात हिशेब थोडा चुकता केला. मी ते बघितले. खूश झालो. विषय संपला असं मला वाटलं.

त्याच वर्षाच्या शेवटी 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' आली. फुकेतमध्ये घडणारी, चिनी भाषेच्या शिकवणीत पुन्हा भेटलेल्या दोन मुलांची, तेह आणि ओएव. ती कितीतरी उजवी आहे. ओएव नाजूक आहे, हळवा आहे, आणि तोच नायक आहे. एका प्रसंगात तो आरशासमोर लाल ब्रा घालून उभा राहतो, कारण त्याला वाटतं तेहला हवं ते आपल्या शरीरात नाही. कुणी हसत नाही. कॅमेरासुद्धा हलत नाही असं मला वाटलं. हा प्रसंग बघून मला रडू आलं, पण का आलं याचा मी तेव्हा फार शोध घेतला नाही. शोध न घेणं मला चांगलं जमतं.

२३ जानेवारी २०२५ला थायलंडमध्ये समलिंगी लग्नाचा कायदा लागू झाला. बँकॉकमधल्या मॉलमध्ये रांगेने लग्नं लागतानाचे फोटो दिवसभर फोनवर येत होते. एव्हाना मी पुण्यात एकटा राहत होतो, दोन मित्रांना माझ्याबद्दल माहीत होतं, आणि दीड जीबीचा प्रश्न उरला नव्हता. त्या रात्री वाटलं, आज 'टूगेदर' परत बघू. पहिला भाग, पहिला तुकडा.

आणि ग्रीन आला.

तो येतो तेव्हा पार्श्वसंगीत बदलतं. त्याचे हात, त्याची चाल, त्याचा आवाज, सगळं हशासाठी ठेवलेलं. या मुलाचा गुन्हा काय, तर त्याला टाइन आवडतो आणि तो ते सरळ सांगतो. अख्ख्या सिरीजमध्ये मला मुलगेच आवडतात असं बिनदिक्कत वागणारा पहिला माणूस हा, आणि त्याला पळवून लावणं हीच गोष्टीची सुरुवात. नायकांचं तसं नाही. टाइन सांगत राहतो की मला मुली आवडतात. म्हणजे प्रेम चालेल, पण दोघांपैकी कुणी ग्रीनसारखं दिसायला नको. पुढे त्याची जोडी क्लबच्या डिमशी आहे, तीसुद्धा पुष्कळशी हसण्यावारी. २०२०मध्ये चुंबनं मोजताना यातलं काहीच मला खटकलं नव्हतं. मी आईला म्हणालो होतो, तो कॉमेडीला आहे.

मी लॅपटॉप बंद केला. कारण ही गोष्ट मी आधीच केलेली होती.

सेकंड इयर. हॉस्टेलला आमच्याच मजल्यावर एक मुलगा होता, दुसऱ्या ब्रँचचा. त्याचं नाव इथे घेत नाही. त्याच्या बोलण्यात एक हेल होता, चालताना हात सुटे असायचे. मजल्यावर त्याला बायल्या म्हणायचे, कधी त्याहून वाईट. त्याला मी आवडायचो. हे मला इतरांच्या आधी कळलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. त्याने माझी दोन जर्नल्स लिहून दिली. घरून येताना माझ्यासाठी वेगळ्या पुडीत धपाटे आणायचा. रात्री मेसेज करायचा, पावसाबद्दल, गाण्यांबद्दल, मेसमधल्या आमटीबद्दल. मी उत्तरं द्यायचो.

मग पोरांच्या लक्षात आलं. "तुझी आली बघ," असं कुणीतरी जिन्यात ओरडलं. मला घाम फुटला. त्याच्याबरोबर माझंही नाव घेतलं गेलं असतं, आणि माझ्या बाबतीत ते खरं होतं. मी वर्गातल्या एका मैत्रिणीला गळ घातली, की थोडे दिवस माझ्याबरोबर कँटीनला बस, फेसबुकवर एक फोटो टाकू. ती भली मुलगी, तिने कारणही विचारलं नाही. फोटोला धो धो लाइक आले. त्याने मात्र मेसेज करणं थांबवलं नाही. अभिनंदन म्हणाला, छान दिसता म्हणाला.

एका रात्री रूमवर सात-आठ जण बसलेले असताना मी त्याचे मेसेज मोठ्याने वाचून दाखवले. नुसते वाचले नाहीत. त्याच्या आवाजात वाचले, तो हेल काढून, हात तसे करून. माझी नक्कल फार चांगली व्हायची. लोक गडाबडा लोळले. दार अर्धवट उघडं होतं. तो बाहेर होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मेसेज बंद झाले आणि सेमिस्टर संपल्यावर त्याने गावात खोली घेतली. त्यानंतर मला कुणी कधी चिडवलं नाही.

ट्विटरवर मी 'आमच्या' लिहिलं होतं, त्यात तो होता की नव्हता?

त्याला इन्स्टाग्रामवर शोधायला दोन मिनिटं लागली. मेसेज लिहायला तीन आठवडे. शेवटी जो पाठवला तो अगदी भित्रा होता. "ओळखलंस का? सहज आठवण आली. तू टूगेदर पाहिलीस का रे, थाई सिरीज?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "ओळखलं. सुरू केली होती. त्या ग्रीनला घालवायला सगळे जमले तिथे बंद केली." पाठोपाठ दुसरं: "तू शेवटपर्यंत पाहिलीस?"

"हो."

"काय झालं त्याचं?"

मी डिमचं सांगितलं. मग थोडा वेळ नुसताच स्क्रीनकडे बघत बसलो, आणि जे पहिल्याच मेसेजमध्ये लिहायला हवं होतं ते लिहिलं. रूम, दार, आवाज, सगळं. माफीही मागितली. तो मजकूर इथे देत नाही, तो त्याचा आहे.

खाली 'सीन' आलं. त्याला आता चार महिने झाले.