गोठलेला नळ आणि कोरडा नळ

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही मुलांना घेऊन नांदेडहून लातूरला निघालो. लातूरच्या मावशींना भेटून बरेच दिवस झाले होते. शिवाय त्यांचा थोरला मुलगा सैन्यातून सुटीवर आला होता. पहाटे तोटी सोडली तर पाणी हाताला चावत होते. धाकटा म्हणाला, "नळाचं पाणी गोठणार आता!" आम्ही हसलो. आपल्याकडे पारा आठ-दहा अंशांवर आला की गल्लीगल्लीत शेकोट्या पेटतात, पण पाणी गोठायला शून्य अंश लागतात.

एसटीने विष्णुपुरी मागे टाकली. नांदेडकरांच्या नळाला पाणी येते ते मुख्यतः गोदावरीवरच्या इथल्या प्रकल्पातून. पुढे सोनखेड, लोहा, माळाकोळी. मधे मन्याड नदीवरचे लिंबोटी धरण. मग अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. रस्ता हळूहळू बालाघाटच्या पठारावर चढतो. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मीटर उंच, तर लातूर 630 मीटरच्या आसपास. एसटीत बसून हा चढ फारसा जाणवत नाही, पण पाण्याला जाणवतो. मोठी नदी खाली आणि शहर वर, अशी लातूरची अवस्था आहे. शहराची भिस्त बीड जिल्ह्यातल्या धनेगाव येथील मांजरा धरणावर. तेच आटले की लातूरच्या घशाला कोरड पडते.

2016 च्या उन्हाळ्यात तसेच झाले. धरणाचा तळ उघडा पडला. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी आले. राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेल्या टाक्यांची ती गाडी. 12 एप्रिलच्या पहाटे पहिली खेप पोचली तेव्हा दहा टाक्या होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली. पाऊस पडेपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, ती धावत राहिली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून चार लाख वस्तीच्या शहराला पाणी आणावे लागले, ही गोष्ट सगळ्या देशाने वाचली.

मावशींच्या घरी पोचलो. जयभीम झाला, चहा झाला. गोष्ट पाण्यावर आली तशा मावशी म्हणाल्या, "गाडी सगळ्यांनी बघितली रे बाळांनो. आमच्या घरात काय झालं ते कुणाला ठाऊक?"

त्या वर्षी त्यांची नात दहावीला जाणार होती. नळाला कित्येक दिवसांनी पाणी यायचे. आले की सगळे हंडे, घागरी, ड्रम भरून ठेवायचे. अशाच एका पाण्यानंतर पोरीला कावीळ झाली. दीड महिना अंथरूण सुटले नाही. सुटीतले सगळे वर्ग बुडाले, अभ्यास मागे पडला. घरच्यांना वाटले, टँकरचे पाणी बाधले. पुढे कधीतरी दाराची फरशी काढली तेव्हा कळले. घरात येणारा लोखंडी पाइप गटारातून गेला होता आणि सांध्याजवळ गंजून त्याला बारीक भोक पडले होते.

हे ऐकून मावशींचा थोरला म्हणाला, "दाजी, आमच्याकडं लेहला बरोबर उलटं असतं बघा."

मग त्याने लेहची हकीकत सांगितली. साडेतीन हजार मीटर उंचीचे ते गाव. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत जातो. पाणी गोठले की साधारण नऊ टक्क्यांनी फुगते. पाइपात फुगायला जागा नसते, म्हणून लोखंडसुद्धा फाटते. आणि फाटल्याचे कळते कधी, तर बर्फ वितळून पाणी वाहू लागल्यावर! म्हणून तिथे पाइप खोल पुरतात, उघड्या भागाला गोणपाट, जुन्या घोंगड्या गुंडाळतात. रात्री मुख्य कॉक बंद करून सगळ्या तोट्या उघड्या टाकतात आणि पाइप रिकामा करून झोपतात. ते जमले नाही तर तोटी थेंब थेंब गळती ठेवतात, कारण हलते पाणी उशिरा गोठते.

"आणि गोठलाच तर?" मुलांनी विचारले.

"तर घाई करायची नाही. तोटी उघडायची. तोटीकडून सुरुवात करून गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपाला गुंडाळत मागं मागं जायचं, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मधूनच तापवलं तर पाणी दोन्हीकडून बर्फात कोंडतं आणि पाइप फुटतो. स्टोव्ह, दिवटी तर कधीच लावायची नाही. उकळतं पाणी ओतायचं नाही."

त्याच लडाखात 2013 साली अभियंता सोनम वांगचुक यांनी बर्फाचा स्तूप करून दाखवला. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी पाइपाने खाली आणून कारंज्यासारखे उडवायचे. हवेतच गोठून त्याचा उंच स्तूप होतो आणि वसंतात शेताला लागते तेव्हा वितळतो. स्तूप म्हणताच मावशींनी हात जोडले.

पण आमच्या मनात त्याचे पहिले वाक्य घोळत राहिले. लेहला रिकामा पाइप घर वाचवतो आणि लातूरला रिकामा पाइपच घात करतो! कारण साधे आहे. पाइपात दाब असेपर्यंत भोकातून पाणी बाहेर गळते. पाणी गेले, दाब उतरला की तेच भोक बाहेरची घाण आत ओढते. नळाला थेट मोटार लावली तर ही ओढ आणखी वाढते. आठ दिवसांनी पाणी आले की गटाराचा तो अंश पहिल्या धारेबरोबर हंड्यात येतो. पाणी दिसते स्वच्छ, पण काविळीचे विष डोळ्यांना दिसत नाही.

मावशींनी गंजलेला तुकडा तेव्हा नुसता चिंधीने बांधून ठेवला होता. रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून तो काढला. प्लंबर बोलावला, नवा प्लास्टिकचा पाइप गटाराच्या वरून नेला आणि गटारावरच्या भागात त्याला मोठ्या पाइपाचे कवच घातले. अर्ध्या दिवसाचे काम! नात आता बी.एड. करते आहे. तीच फावडे घेऊन सगळ्यात पुढे होती.

निघताना मावशी दारात म्हणाल्या, "माझी आई दुसऱ्याच्या विहिरीवर लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. आपल्या दारात नळ आला तेव्हा ती त्याच्यावर हळद-कुंकू नाही, हात फिरवत बसली होती. नळ आला, आता त्यातलं पाणी राखायचं आपण."

वाचक बंधू-भगिनींनो, एवढे जरूर करा. आपल्या घराचा पाइप कुठून येतो ते एकदा पाहा. खंडानंतर पाणी आले की पहिली बादली पिण्याला घेऊ नका, ती धुण्याला किंवा झाडाला घाला. नळाला थेट मोटार लावू नका. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी काढा.

रात्री नांदेडला परतलो. सकाळी पहिले काम केले ते आमच्याच दाराची फरशी उचलण्याचे. आमचाही पाइप गटारातूनच गेलेला निघाला.