सहा माग आणि एक कारागीर

शतरंज हा खेळ तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्यात एकाने चाल केली, की दुसऱ्याची पाळी येते. तोपर्यंत हत्ती, घोडे, उंट आपापल्या घरात गप्प उभे असतात. संगणकावर मात्र डावपेचांचे काही खेळ असे आहेत, की त्यांत कोणी कोणासाठी थांबत नाही. आपण विचार करत बसलो, तरी तिकडे शत्रू घरे बांधतो, शेती करतो आणि फौज जमवतो. १९९२ साली आलेल्या 'ड्यून २' या खेळापासून हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला.

माझा पुतण्या नववीत शिकतो. त्याला 'एज ऑफ एम्पायर्स २' हा १९९९ साली निघालेला खेळ फार आवडतो. त्यात सुलतान सलाहुद्दीनच्या मोहिमाही आहेत. या खेळात अन्न, लाकूड, सोने आणि दगड अशी चार प्रकारची संपत्ती असते. नेहमीच्या डावात सुरुवातीला आपल्याजवळ एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक टेहळ्या असतो. साठ्यात २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने आणि २०० दगड असतात. नगरकेंद्रात नवा गावकरी तयार होण्यास ५० अन्न खर्च होते आणि २५ सेकंद लागतात. सुरुवातीला जागा फक्त पाच जणांपुरती असते. त्यामुळे लगेच घर बांधावे लागते. घर नसेल, तर अन्न असूनही नवा गावकरी मिळत नाही.

भाभींनी पुतण्याला सुट्टीच्या दिवशी एक तास खेळण्याची परवानगी दिली आहे. तो जवळजवळ प्रत्येक डाव हरत असे. मग चिडून म्हणे, "चाचा, माझी बोटेच हळू चालतात!"

मी शिक्षक आहे. मुलांचे निरीक्षण करणे हे माझे रोजचेच काम. एकदा मी वही घेऊन त्याच्या शेजारी बसलो. लढाई सुरू झाली, की तो फक्त लढाईच पाही. पूर्ण दोन मिनिटे त्याने नगरकेंद्राकडे नजर टाकली नाही. दोन मिनिटे म्हणजे १२० सेकंद. तेवढ्या वेळात चार गावकरी तयार झाले असते आणि पाचवाही होत आला असता. त्या गावकऱ्यांनी पुढे डाव संपेपर्यंत जे लाकूड तोडले असते, जे धान्य पिकवले असते, तेही बुडाले. तो हरला, तेव्हा त्याच्या साठ्यात हजारावर लाकूड तसेच पडून होते. साठ्यात पडलेले लाकूड शत्रूला अडवत नाही. त्याची भिंत बांधली, तरच शत्रू अडतो.

आम्ही नाशिक जिल्ह्यातील मालेगावात राहतो. हे यंत्रमागांचे शहर आहे. माझे थोरले भाऊ मागावर काम करतात आणि एकटे सहा माग सांभाळतात. पुतण्याला त्याचे काही विशेष वाटत नसे. "अब्बा तर नुसते मागांमधून फिरत असतात," असे तो सहज बोलून जाई. ते ऐकून मला वाईट वाटे.

एका गुरुवारी संध्याकाळी भाईजानचा डबा पोहोचवायला मी त्याला सोबत नेले. कारखान्यात खडखडाट इतका होता, की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येईना. मी त्याला खुणेने सांगितले, "अब्बांच्या डोळ्यांकडे बघ."

भाईजान एका मागाजवळ तुटलेला धागा जोडत होते. हात गाठ मारत होते. गाठ बसताच नजर पुढच्या मागावर गेली. तिथल्या धोट्यातले सूत संपत आले होते. भरलेली कांडी आधीच तयार होती. ती क्षणात बदलून ते तिसऱ्या मागाकडे वळले. ते कुठेच धावत नव्हते, पण कोणताही माग फार वेळ बंद राहत नव्हता. बंद मागावर कापड निघत नाही, आणि कापड निघाले नाही, तर मजुरी मिळत नाही.

पुतण्या बराच वेळ पाहत राहिला. घरी परतताना तो म्हणाला, "चाचा, अब्बा सहा कामे एकदम करत नाहीत. एकेक करतात, पण कोणतेही विसरत नाहीत."

त्याने नेमकी गोष्ट ओळखली होती. त्यानंतर त्याने खेळात तीन सवयी लावून घेतल्या. पहिली सवय फेरीची. थोड्या थोड्या वेळाने नगरकेंद्र, साठा, घरे आणि सैन्य यांवर क्रमाने नजर फिरवायची. त्यासाठी त्याने कळा पाठ केल्या. 'एच' दाबले, की नगरकेंद्र समोर येते. पूर्णविरामाची कळ दाबली, की रिकामा बसलेला गावकरी सापडतो. दुसरी सवय पूर्वतयारीची. जागा संपण्याआधीच नवे घर बांधायला घ्यायचे. तिसरी सवय खर्चाची. संपत्ती साठवून ठेवायची नाही आणि अडकवूनही ठेवायची नाही. नगरकेंद्रात एकदम चार गावकऱ्यांची मागणी नोंदवली, तर २०० अन्न त्याच क्षणी वजा होते. गावकरी मात्र एकामागून एकच येतात. म्हणून गरजेपुरतीच मागणी नोंदवायची.

पुतण्या अजूनही हरतो, पण पूर्वीपेक्षा कमी. हे सारे त्याने भाईजानना समजावून सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बेटा, त्या खेळात पगार किती मिळतो?" पुतण्याही हसला. मात्र अब्बा नुसते फिरत असतात, असे तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, 'एकाच वेळी अनेक कामे' हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. लक्ष द्यावे लागेल अशी दोन कामे आपण खरोखर एकदम करत नाही. मन एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो. म्हणून दूरदर्शन पाहत गणित सोडवू नका. गणित सोडवताना गणितच सोडवा. पण तीन तासांची प्रश्नपत्रिका हाती आली, की भाईजानची फेरी आठवा. एकाच प्रश्नावर अडून बसू नका. मधूनमधून घड्याळ आणि उरलेले प्रश्न पाहत चला. शाईचे पेन संपण्याआधी दुसरे जवळ ठेवा. आणि आज घरी गेल्यावर अम्मी स्वयंपाकघरात काम करत असतील, तर घटकाभर त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. तव्यावर रोटी असते, पातेल्यात सालन शिजत असते आणि लहान भाऊ उंबऱ्याकडे रांगत असतो. त्यांची नजर कुठे कुठे फिरते, ते मोजा आणि उद्या वर्गात सांगा.