गाडीच्या पोटातले खडे

यंत्राला वाचा नसते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्यांचा जन्म यंत्रांच्या सहवासात गेला, ते तसे म्हणत नाहीत. वैद्य जसा नाडीवर बोटे ठेवतो, तसा जाणता मिस्त्री इंजिनाला कान लावतो. आणि चांगल्या वैद्याप्रमाणेच तोही आधी औषध देत नाही, प्रश्न विचारतो. मी कलाशाखेचा पदवीधर, वर्गात व्याकरण आणि काव्य शिकवणारा. तरीही या विद्येचा एक प्रयोग मला इंदुरास जवळून पाहावयास मिळाला. त्याची ही हकीकत.

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन मी ताईकडे गेलो होतो. तिचे बिऱ्हाड भंवरकुआं चौकाजवळ आहे. एका अंगाला विद्यापीठाकडे जाणारा खंडवा रस्ता, दुसऱ्या अंगाला शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी झाकून गेलेल्या इमारती आणि पाठीवर दप्तरे घेतलेली, गावोगावाहून आलेली शेकडो मुले. ताईच्या घरी पेट्रोलवर चालणारी आठ वर्षांची मोठी मोटार आहे; अशा गाडीला हल्ली एसयूव्ही म्हणतात. आईला ओंकारेश्वराचे दर्शन घडवावे म्हणून आम्ही निघालो. सिमरोळच्या पुढे घाट लागला, चढावर भावोजींनी पाय दाबला आणि इंजिनातून बारीक, धातूचा खणखणाट येऊ लागला. मागच्या आसनावरून आई आमच्या कोकणीत म्हणाली, "गाडयेच्या पोटांत कोण फातर हालयता रे?" फातर म्हणजे दगड. पाय उचलला की दगड गप्प. पुन्हा दाबला की पुन्हा खळखळ.

दर्शन झाले, परंतु परतताना कोणाच्या तोंडी शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी दाखवली. तेथील माणसाने गाडी जागेवर सुरू केली, दोन मिनिटे ऐकली आणि इंजिन उतरवून उघडावे लागेल, सत्तर हजारांच्या घरात खर्च येईल, असे सांगितले. ताईचा चेहरा उतरला. तेवढीच रक्कम भाचीच्या शिकवणी वर्गासाठी बाजूला काढून ठेवलेली होती, आणि भरण्याची मुदत आठ दिवसांवर आली होती. रात्री भाची आपण होऊन म्हणाली, "मी घरीच अभ्यास करीन." ते ऐकून भावोजी उठून गच्चीवर गेले.

शेजाऱ्यांनी एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. लहानसे दुकान, बाहेर लाकडी बाक. त्यांनी झाकण उघडण्याआधी विचारले की आवाज कसा आहे. भावोजी 'ठोकल्यासारखा' म्हणाले, मी 'खणखणीत' म्हणालो. शेवटी ताईने आईचेच वाक्य हिंदीत सांगितले. मिस्त्री हसले. म्हणाले, माताजींनी निम्मे काम केले. खोल, जड, हातोड्यासारखा ठोका असता आणि तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढत गेला असता, तर आतल्या बेअरिंगची शंका घ्यावी लागली असती. डब्यात खडे हलवावेत तसा, केवळ चढावर आणि केवळ पाय दाबल्यावर येणारा आवाज निराळा. तो लोखंड झिजल्याचा नव्हे, इंधन भलत्या वेळी पेटल्याचा.

हे भलत्या वेळी पेटणे म्हणजे काय? सिलिंडरात दट्ट्या हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो. प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. परंतु आत उष्णता फार झाली, तर टोकाचे मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकते. पंगतीत वाढपी येण्यापूर्वीच शेवटच्या पानावरच्यांनी जेवण उरकावे, तसा काहीसा प्रकार! त्या भडक्याच्या दाबलहरी भिंतींवर आदळतात, तेच आपण ऐकतो. दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, तर दट्ट्याला भोकही पडू शकते. आजच्या पुष्कळ इंजिनांना ही खळखळ टिपणारा संवेदक असतो आणि तो ठिणगीची वेळ मागे सरकवतो. पण त्यालाही मर्यादा आहेत.

मिस्त्रींनी चारही प्लग काढले. त्यांची टोके पांढरीफटक. मागच्या खेपेला कोणी तरी आकाराने तेच, परंतु उष्णतेच्या अंकाने निराळे प्लग बसवले होते. नळीच्या टोकाला लावलेला इवलासा कॅमेरा आत सोडला, तेव्हा दट्ट्यांवर काजळीचे थर दिसले. भाचीला वर्गाला सोडणे आणि भाजी आणणे, एवढ्याच धावेत आठ वर्षे गेलेल्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही, मग काजळी जळणार कशी? रेडिएटरच्या जाळीत धूळ व कापूस, आतले पाणीही कमी. एक मोठा अपराधी कोणी नव्हता; किरकोळ चौघे मिळून गाडीला छळत होते.

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच आवाजाने शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील संशोधक हैराण झाले होते. 1921 साली टॉमस मिजली यांना आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले की खळखळ थांबते. मद्यार्कानेही ती थांबते हे ठाऊक होते. तरी बाजारात आले ते शिसे. 1924 मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही ते पुढे जगभर वापरले गेले, आणि धुरावाटे मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात ते 2000 साली बंद झाले; सर्वांत शेवटी, 2021 मध्ये, अल्जीरियात. इंजिन गप्प बसावे म्हणून केवढी किंमत दिली गेली! आज आपल्या पेट्रोलमध्ये ऊस व धान्यापासून केलेले इथेनॉल, म्हणजे तोच मद्यार्क, मिसळतात. त्याचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक आहे. हा अंक जितका मोठा, तितके इंधन अवेळी भडकण्यास नाखूष.

मिस्त्रींनी काजळी औषधाने विरघळवून काढली, योग्य प्लग बसवले, जाळी धुतली, शीतक भरले. बिल साडेसहा हजारांचे झाले. मग त्यांनी स्वतः शेजारी बसून भावोजींना सिमरोळच्या घाटापर्यंत गाडी न्यावयास लावली. आम्हीही मागे बसलो होतो. चढ लागला तसे आईने डोळे मिटले आणि कान दिले. वरपर्यंत कोणी बोलले नाही. माथ्यावर पोचल्यावर ती एवढेच म्हणाली, "ना. कांय ना."

भाचीची रक्कम मुदतीच्या आदल्या दिवशी भरली गेली. ते चार पांढरे प्लग मी मिस्त्रींकडून मागून आणले असून आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात, दुसऱ्या फळीवर, नव्या प्लगशेजारी ठेवले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी विज्ञानाच्या बाईंकडून किल्ली मागून घ्यावी.