मिठागरांच्या गावातील बाजार

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून शांतीनगरच्या दिशेने चालू लागा. तळमजले राहण्यासाठी असतात हे येथे कोणाच्या ध्यानीमनीही नसावे: किराणा, औषधे, मोबाईल, फरसाण, पुन्हा फरसाण. २०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली होती. अमेरिकेतील महानगरांतही दुकानांची अशीच रेलचेल. मात्र तेथे बहुधा मोटार काढावी लागते. येथे जिना उतरला की बाजार! तेवढे चालणेही आपण घरपोच सेवेला देऊन टाकतो, ही गोष्ट वेगळी.

भाईंदरची जुनी ओळख खाडीकाठच्या मिठागरांची. तरी आपल्या स्वयंपाकघरात येते ते पुडीतले, बहुधा गुजरातेतील मीठ. त्याची खंत करू नका. मिठागरातील कच्च्या मिठात आयोडीन नसल्यातच जमा असते आणि गर्भवतीला व वाढत्या मुलांना ते हवेच. पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द पाहून घ्या.

प्रश्न आहे प्रमाणाचा. प्रौढ व्यक्तीस दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर मीठ पुरे. फरसाणाच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत सोडियम लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. मुलांनाच हा गुणाकार करू द्या.

सवड काढून उत्तनलाही जा. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळताना दिसतील. खारवलेली मासळी आणलीत, तर शिजवण्याआधी भिजवा आणि ते पाणी ओतून द्या.