गोकर्णची पायवाट

गोकर्णच्या दक्षिणेस कुडले, ओम, हाफमून आणि पॅराडाइज हे किनारे एकामागून एक येतात. ओमचा किनारा खरोखरच ॐ अक्षराच्या वळणाचा! तेथवर रिक्षा जाते. पुढे कड्यावरची पायवाट, नाहीतर होडी. आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन पायीच निघालो. हाफमूनच्या अलीकडे सौभाग्यवतींच्या पिशवीचा पट्टा तुटला आणि उकळून, गाळून घेतलेल्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या कड्यावरून समुद्रात गेल्या. ऑक्टोबरचे ऊन, त्यांना भोवळ येऊ लागली. कसेबसे हाफमूनला उतरलो. तेथे एका नावाड्याने आपल्या कळशीतले पाणी दिले, त्यांना सावलीत बसवले आणि मग होडीने ओमला पोहोचवले. भाडे नेहमीचेच घेतले. पॅराडाइज राहिला, सौभाग्यवती म्हणतात, पुढच्या वेळी होडीनेच.