फळ्यावरची आकृती माळावर

परिसंस्थेतल्या बदलांचा धडा मी कॉलेजात वर्षानुवर्षं एकाच आकृतीवर निभावून नेला. डावीकडे उघडा खडक, मग दगडफूल, गवत, झुडपं आणि उजव्या टोकाला घनदाट जंगल. याला अनुक्रमण म्हणायचं आणि शेवटच्या टप्प्याला चरम समुदाय. अमेरिकेतल्या फ्रेडरिक क्लेमेंट्सनं १९१६ साली मांडलेली ही कल्पना मुलांना चटकन पाठ होते. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द १९३५ मध्ये ज्या लेखात आर्थर टान्सलीनं वापरात आणला, त्याच लेखात तो क्लेमेंट्सच्या अनुयायांशी कडाडून वाद घालतो, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? तो लेख मी वाचलाच नव्हता.

या अज्ञानाचा पुरावा सासवडच्या पलीकडे एका गायरानावर अजून उभा आहे. तो माळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तिथे गवत दिसलंच नाही. ‘मधल्या पायरीवर अडकलेलं जंगल’ दिसलं. मेंढ्यांनी आणि वणव्यांनी ते अडवून धरलंय, आपण हात दिला की पुढं सरकेल, अशी माझी खात्री. एनएसएसची पोरं हाताशी होती, सरकारी कागदावर जमीन ‘पडीक’ होती. आम्ही सलग समतल चर खणले आणि बांधावर गिरिपुष्प लावलं. मध्य अमेरिकेतलं हे झाड फांदी खोचली तरी जगतं, नत्र धरतं, गुरं तोंड लावत नाहीत. झाडं जगली. फोटो छापून आले. तो सत्कार आता आठवला की अंगावर काटा येतो.

तिथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, मुरमावर वीतभर माती. एवढ्यावर कुसळी, पवन्या, मारवेल जगतात, कारण त्यांचा संसार जमिनीखाली असतो. चर खणताना आम्ही तोच उपटून बांधावर टाकला. या गवतांना लख्ख ऊन लागतं, आम्ही सावली केली. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. लांबून दिसणारी मोकळी जागा हेच त्यांचं संरक्षण. आम्ही तिथे शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या पुरवल्या. अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान साडेसातशे वर्षं जुने आहेत. म्हणजे मी ज्याला पायरी समजत होतो, ते मुक्कामाचं ठिकाण होतं.

इथवर चूक अज्ञानाची म्हणता येईल. पुढची मात्र हट्टाची. झाडं लावणं चुकलं हे पटल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. गवतच वाचवायचं ना, मग मेंढ्या बंद. तारेचं कुंपण घातलं. पहिल्या वर्षी गवत कमरेएवढं झालं आणि मी पुन्हा फोटो काढले. पुढच्या पावसाळ्यात जुन्या वाळक्या गवताचा थर तसाच पडून राहिला. एक धनगरमामा कुंपणापाशी थांबून म्हणाले, “सर, खालून फुटवाच न्हाई. उजेडच जात न्हाई त्यात. मेंढरं सोडू द्या.” मी त्यांना चराईबंदीचे फायदे समजावून सांगितले. दिवसाचे आठ तास गवताकडे बघत ज्यांची हयात गेली, त्यांना!

यात भरतपूरची गोष्ट मला माहीत होती, हे अधिक लाजिरवाणं. केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींना चराईबंदी झाली. विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. मग म्हशी खात होत्या ते पाणगवत माजलं, उथळ पाणी भरून गेलं, पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. बंदीच्या बाजूच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून शेवटी निष्कर्ष निघाला, की तिथे म्हशी हव्यात. हे सगळं मी वर्गात रंगवून सांगत असे. पण ते राजस्थानातलं, पाणथळीचं, म्हशींचं. आपल्या माळावरच्या मेंढ्यांना ते लागू पडेल असं डोक्यातच आलं नाही.

आता कुंपण काढलंय. दिवाळीनंतर मामांचा कळप येतो आणि जिथे माती हलली नव्हती तिथे कुसळी चांगली फुटते. गिरिपुष्प तोडलं की बुंध्यातून चौपट फुटतं, त्याच्याशी मारामारी चालू आहे. सगळ्यात अवघड चर. त्यांच्या कडेनं गाजरगवत माजलंय, मूळचं गवत तिथे परतत नाही. मामा म्हणतात बुजवा. मला वाटतं, पुन्हा माती हलवली की पुन्हा गाजरगवतच येणार. बराच वाद घालून आम्ही एक चर बुजवला आहे आणि बाकीचे तसेच ठेवलेत. बुजवलेल्यात पवन्या आला तर मामांचं खरं. मग उरलेल्या चरांसाठी फावडी पुन्हा मलाच गोळा करावी लागतील.